दाबणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव

नाही, मला एक सांगा, माणसानं दाबायचंच नाही, तर ती अक्षरं निळी करायची कशाला, खाली रेघ मारायची कशाला, आणि वर शहाण्यासारखं 'येथे दाबा' असं लिहायचं कशाला? 'येथे दाबू नका' असं लिहा ना! नसतं दाबलं आम्ही! आम्ही सरळ माणसं, तुम्हाला सांगतो, 'ढकला' लिहिलेलं दार ढकलतो, 'ओढा' लिहिलेलं ओढतो, आणि 'दाबा' लिहिलं की... दाबतो! आणि पुण्याच्या मॅडम मला चाळीस माणसांसमोर, प्रोजेक्टर लावून, माझं नाव भिंतीवर एवढं मोठं पाडून विचारतात, "अंगदराव, दाबायच्या आधी दोन सेकंद विचार का नाही केलात?" अहो, विचार केला म्हणूनच दाबलं! बिनविचाराचा माणूस कशाला दाबतोय, तो मेल उघडतसुद्धा नाही!

थांबा, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगतो.

मी नागापूरच्या एमआयडीसीत, पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत, स्टोअरला. स्टोअरला म्हणजे आता खुर्चीवर, पण पहिली अकरा वर्षं लोडिंगला. पेट्या उचलायच्या, गाडीत टाकायच्या, दुसऱ्या गाडीतनं काढायच्या, परत टाकायच्या... शेवटी मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, "ह्यापुढं वजन उचललंत तर कायमचे आडवे." तेव्हाचे मॅनेजर भले माणूस, म्हणाले, कॉम्प्युटर शिकून ये, स्टोअरची खुर्ची देतो. अडतिसाव्या वर्षी! घरात कॉम्प्युटर कुठला? आमची आरती, माझी पोरगी, तेव्हा सहावीला होती, तिनं पुठ्ठ्यावर स्केचपेननं सगळी बटणं काढून दिली, आणि मी जेवण झालं की बसायचो त्या पुठ्ठ्यावर टकटक करत. आमच्या विजयमालाबाई, म्हणजे मंडळी, भांडी घासता घासता विचारायच्या, "आवाज तर येतोय, पन उमटतंय कुठं?" ...पण मिळाली खुर्ची! एका बाजूला कलते, फिरवली की कुरकुरते, पण माझी आहे हो. ती गेली की मी परत पेट्यांखाली, आणि ह्या मणक्यानं पेट्यांखाली गेलो की परत वर येणं नाही. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

तर झालं काय, आमच्याच कंपनीच्या कुठल्याशा लांबच्या शाखेत कुणीतरी एक भलता मेल उघडला, त्यातलं काहीतरी दाबलं, आणि तिथले सगळे कॉम्प्युटर चार दिवस बंद. झालं! हेड ऑफिस हादरलं. पुण्याहून फर्मान आलं की आता एक एजन्सी नेमलीय, ती सगळ्यांना अधूनमधून खोटे मेल टाकणार, आणि कोण दाबतो ते बघणार. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना! रजा टाकायला म्हणून कंपनीनं प्रत्येकाच्या मोबाईलवर मेल बसवून दिलेला, अगदी कॅन्टीनच्या लंकाबाईंच्यासुद्धा. एकदा दाबलं तर समज. दोनदा दाबलं तर नाव यादीत, आणि यादी कुठं, तर कॅन्टीनमध्ये, हात धुवायच्या बेसिनच्या वर! तिसऱ्यांदा दाबलं की लॉगिन बंद आणि माणूस ट्रेनिंगला. लॉगिन बंद म्हणजे स्टोअर बंद. स्टोअर बंद म्हणजे खुर्ची...

मी देवाशपथ ठरवलं, तुम्हाला सांगतो, काही म्हणजे काही दाबायचं नाही.

आणि दुसऱ्याच आठवड्यात मेल आला. 'आपला माल वाहतुकीत अडकला आहे. पत्त्याची खात्री करण्यासाठी येथे दाबा.' आता मी स्टोअरकीपर. बेअरिंगचे खोके आठ दिवस झाले आले नव्हते, मशीनवरची पोरं दर तासाला दारात येऊन, "अंगदमामा, आलं का? आलं का?" आणि इकडं समोर लिहून आलंय की माल अडकलाय! त्या अडकलेल्या मालाला सोडवायचं का कंपनीच्या भल्यासाठी हात बांधून बसायचं? तुम्हीच सांगा! आणि मी दाबलं. लालभडक पडदा! 'थांबा! तुम्ही फसलात!' आणि खाली एका माशाच्या तोंडात गळ अडकलेलं चित्र. माशाचं तोंड थोडंसं माझ्यासारखंच होतं.

बरं, एकदा झालं, माणूस चुकतो. पुढचा मेल आला तो लग्नाच्या पत्रिकेचा. चि. सौ. कां. जया, अमुक तमुक कार्यालय, आपली उपस्थिती प्रार्थनीय, पत्रिका पाहण्यासाठी येथे दाबा. जया कोण? मला माहीत नाही. पण मला माहीत नसणं हा काय जयाचा दोष झाला? आमच्या पाथर्डीकडं पत्रिका आली की माणूस आधी हात पुढं करतो आणि मग विचारतो कुणाची म्हणून. आलेली पत्रिका बघायचीसुद्धा नाही? उद्या त्या जयाचा बाप येष्टी स्टँडवर भेटला आणि म्हणाला, "व्हय पाव्हनं, पत्रिका पोचली न्हवं?" तर मी काय सांगू, संशयास्पद वाटली म्हणून बाजूला ठेवली? पोरीच्या लग्नाला संशयास्पद म्हणू? दोन सेकंद थांबलो, तीन सेकंद थांबलो, त्या जयाबद्दल मला वाईट वाटायला लागलं... आणि मी दाबलं. लाल पडदा. मासा. गळ. दुसऱ्या दिवशी हात धुताना वर बघतो तर यादी, आणि पहिलं नाव माझं. लंकाबाई म्हणाल्या, "सायेब, तुमचं नाव छापून आलंय, पेढं कधी?"

आता राहिलं एकच. परत दाबलं की खुर्ची गेली. मी घाबरून घाबरून खरे मेलही उघडेना. बेअरिंगवाल्यानं खरंच मेल टाकला, मी त्याला फोन करून विचारलं, "हा तुम्हीच टाकलाय ना?" तो म्हणाला हो. मी म्हणालो, "मग शपथ घ्या."

आणि अशात एका शुक्रवारी, जेवायच्या सुट्टीनंतर, मेल येतो. कै. बजरंग... आमचे बजरंग फोरमन! 'यांचे दुःखद निधन झाले. दशक्रिया विधी रविवारी सकाळी आठ वाजता. स्थळासाठी येथे दाबा.' माझ्या हातातला चहा खाली आला. बजरंग म्हणजे ज्यानं मला पहिल्या दिवशी पेटी कशी उचलायची ते शिकवलं हो! "पाठीनं न्हाई, मांड्यांनी उचल," म्हणणारा तो. त्याचं मी ऐकलं असतं तर मणका राहिला असता. चार वर्षांपूर्वी रिटायर होऊन वांबोरीला गेलेला. आणि आता दहावा? म्हणजे जाऊन आठ-नऊ दिवस झाले आणि आपल्याला पत्ता नाही?

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाला नाही गेलं तर माणसं रुसतात, पुढच्या लग्नात निघून जातं. दहाव्याला नाही गेलं तर विसरत नाहीत. मेल्या माणसाच्या नावापुढं बसून मी काय तपासत बसू, पाठवणारा कोण, स्पेलिंग बरोबर आहे का? गेलेल्या माणसाकडं ओळखपत्र मागू? खुर्ची दिसत होती हो मला समोर, मी तिच्यावरच बसलो होतो! डोळ्यांत पाणी आलं, पडदा नीट दिसेना... आणि मी दाबलं.

आणि लाल पडदा आलाच नाही!

नुसतं चक्र फिरतंय. गरगर, गरगर. मासा नाही, गळ नाही. म्हटलं सुटलो, म्हणजे खरं आहे... आणि खरं आहे म्हटल्यावर तर आणखीच रडू आलं. पुढं मॅडमनी सांगितलं, की लाल पडदा बघून लोक शहाणे होतात आणि शेजाऱ्याला सांगतात, म्हणून तिसऱ्या फेरीला पडदाच काढून टाकलेला! पण ते मला काय माहीत? मला वाटलं नेट बारीक आहे. मग मी काय केलं असेल? तोच मेल उचलला आणि आपल्या सगळ्या चाळीस माणसांना पाठवला, वर लिहिलं, 'आपले बजरंगभाऊ गेले. माझ्याकडं स्थळ उघडत नाही, तुमच्याकडं उघडतंय का बघा.' आणि त्यांनी दाबलं! ऑफिसनं दाबलं, क्वालिटीनं दाबलं, गेटवरच्या वॉचमननं दाबलं, लंकाबाईंनी पिठाच्या बोटानं दाबलं. चाळीसातल्या अडतीस जणांनी! राहिले दोन. त्यातला एक रजेवर होता आणि एकाचा मोबाईल बादलीत पडला होता. ह्या दोघांना पुढं हेड ऑफिसनं दक्ष कर्मचारी म्हणून शाबासकीचं पत्र दिलं, बादलीवाल्यानं ते फ्रेम करून घेतलंय!

स्थळ कुणाचंच उघडेना. म्हटलं जाऊ द्या, घर माहीत आहे ना, थेट घरीच जाऊ. रविवारी पहाटे अकरा माणसं एका पिकअपमध्ये, सगळे पांढऱ्या कपड्यात, हातात दुखवट्याची टोपी आणि टॉवेल, बजरंगच्या पोराला द्यायला. डोंगरगणवरनं वांबोरीचा घाट उतरलो, सगळ्या वाटेनं एकेकाला बजरंग आठवतोय, कुणाला त्यानं सुट्टी दिली होती, कुणाच्या बापाला दवाखान्यात नेलं होतं... क्वालिटीचा सुनील, त्याला बजरंगनं एकदा चाळीस माणसांत झापलं होतं, तोसुद्धा मुसमुसत होता.

गाडी दारात थांबली. अंगणात म्हशीला पाणी दाखवत कोण उभं? बजरंग!

अकरा माणसं पिकअपमध्ये उभी राहिलीत आणि एकजण खाली उतरत नाही! तो बादली ठेवून डोळ्यांवर हात धरून बघतोय. "आरं अंगद? येवढ्या सकाळी? आन हे पांढरे कपडे... टोपी-टावेल बी हाय हातात... कोन गेलं रं?"

आता काय सांगणार? मागनं सुनील रडत रडतच बोलून गेला, "तुम्हीच!"

मला वाटलं आता बादली येते अंगावर. बजरंगनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा टोपीकडं बघितलं. मग हात पुढं केला, टोपी घेतली, डोक्यावर घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "बसा." आणि आत वळून ओरडला, "सूनबाई, अकरा चहा टाक! माझ्या धाव्याला आल्यात!"

हसलो हो आम्ही, पोट धरून हसलो. पण चहा पिताना तो काय म्हणाला ते ऐका. म्हणाला, "चार वर्सं झाली मला येऊन. गुडघं गेलं, नगरला येनं व्हत न्हाई. म्हनलं एखाद्या रविवारी येतील कोनी. वाट बघायचो आधी. मग सोडलं... मेलो म्हनून का व्हईना, आलात." लाज वाटली मला. खूप लाज वाटली. चार वर्षांत मी त्याला एक फोन केला नव्हता, आणि एका खोट्या मेलनं मला पंचवीस किलोमीटर आणलं. जेवल्याशिवाय सोडलं नाही त्यानं. पिठलं, भाकरी, ठेचा. सुनीलला वाढताना म्हणाला, "जेव रं, आता न्हाई झापत."

आणि सोमवारी, मॅडम हजर.

रश्मी मॅडम. सत्तावीस-अठ्ठावीसच्या, आमच्या आरतीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील. वागायला चांगल्या बरं का, उगाच कशाला खोटं बोलू. प्रोजेक्टर लावला, भिंतीवर माझं नाव, तीनपैकी तीन, आणि मला विचारलं दोन सेकंदांचं. मग मी सगळं सांगितलं. बेअरिंग सांगितलं, जया सांगितली, वांबोरी सांगितली. टोपीपाशी आलो तेव्हा मॅडमनी प्रोजेक्टर बंद केला. म्हणाल्या, "म्हणजे ते... आहेत? एजन्सीनं जुन्या यादीतनं कुठलंतरी नाव उचललं होतं. आय ॲम सो सॉरी." डोळे भरले त्यांचे. मी म्हणालो, मॅडम, तुम्ही नका रडू, तो चांगला आहे, म्हैस व्यायलीय त्याची.

पण नियम तो नियम. मला आत बोलावलं. मी जाताना खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला माझा पंचा उचलून घेतला, म्हटलं नंतर कोण देतंय आणून. आत मॅडमनी एक तक्ता दाखवला. "अंगदराव, हे बघा. एजन्सीनं तो मेल सगळ्यांना पाठवला होता. त्यावर कुणी क्लिक केलं? फक्त तुम्ही. तोच मेल, तीच लिंक, तुमच्या नावानं गेली, आणि अडतीस जणांनी क्लिक केलं. कळतंय का ह्याचा अर्थ?" मी म्हणालो, मी अडतीस पट मूर्ख आहे. त्या म्हणाल्या, "नाही हो. लोकांचा मॅनेजरवर नाही, एजन्सीवर नाही, तुमच्यावर विश्वास आहे. उद्या खरा चोर तुमचं नाव लावून आला, तर कंपनी बसेल. तुम्ही ह्या कंपनीतला सगळ्यात धोकादायक माणूस आहात!"

आयुष्यात मला इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

आणि मग हेड ऑफिसचा तोडगा. लॉगिन राहील, खुर्ची राहील, फक्त इथून पुढं परीक्षेचे खोटे मेल माझ्या नावानं जातील! लोकांनी अंगदरावाच्या मेलवरसुद्धा दोन सेकंद थांबायला शिकलं पाहिजे. पटतंय का? तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं होतं! अहो, हातात पंचा होता माझ्या. मणका सरकलेला माणूस नाही कसं म्हणेल? मी हो म्हणालो.

पहिला मेल गेला, 'आमच्या शेतातली सीताफळं आणली आहेत, नाव नोंदवायला येथे दाबा.' सीताफळं खरंच आहेत हो आमची, दर वर्षी आणतो मी! आणि त्यांनी दाबलं, बिचाऱ्यांनी. चौतीस जण. सगळे कॅन्टीनमध्ये दोन तास ट्रेनिंगला, चहाशिवाय, आणि समोर हजेरीची वही घेऊन कोण? मी! ज्यानं ज्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, त्याला त्याला शिक्षा. दुसऱ्या महिन्यात, 'माझी पाठ परत धरली आहे, भेटायला येणाऱ्यांनी वेळ कळवा.' एकोणीस. लंकाबाई दोन्ही वेळा. वहीवर सही करताना म्हणाल्या, "सायेब, पाठीचं ऐकून जीव ऱ्हायला न्हाई वो." मी मान वर केली नाही. तिसऱ्या महिन्यात सहा. चौथ्या महिन्यात शून्य! शून्य टक्के! सगळ्या शाखांत नागापूर पहिलं! सर्टिफिकेट आलं, माझ्याच खुर्चीच्या वर लावलंय. आणि एक गंमत सांगू? आता मी नुसतं "चहा आलाय रे" म्हणालो तरी माणसं आधी खिडकीतनं बघतात.

आणि अशातच आमच्या आरतीचं लग्न ठरलं. संगमनेरचं स्थळ, मुलगा डेअरीत आहे, चांगला आहे. मी हौसेनं पत्रिका केली, आरतीनं त्यावर गणपती काढला, आणि सगळ्या चाळीस जणांना मेल केला. पत्रिका पाहण्यासाठी येथे दाबा.

कुणी म्हणजे कुणी दाबलं नाही!

अकरा जणांनी तर माझी तक्रार पुढं पाठवली. दुपारी मॅडमचा फोन. "अंगदराव, काय सुंदर केलाय हो मेल! तो गणपती, ते 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'... पण मला न विचारता कसा पाठवलात?" मी म्हणालो, मॅडम, खरंय, माझ्या मुलीचं लग्न आहे. त्या हसल्या. "हो हो, अगदी असंच म्हणायचं कुणी फोन केला तर!" फोन ठेवला हो त्यांनी!

मग काय, छापली. जाड कागदाची, सोनेरी अक्षरांची. हळदीकुंकवाची बोटं लावली, वर अक्षता ठेवल्या, आणि म्हटलं हातात हात घेऊन देऊ, तोंडानं सांगू. आज सकाळी सुरुवात केली कॅन्टीनपासनं. पहिली पत्रिका लंकाबाईंना. म्हटलं, "लंकाबाई, येत्या सव्वीसला, आरतीचं लग्न, सहकुटुंब यायचं."

लंकाबाईंनी पत्रिकेकडं बघितलं. हळदीच्या बोटाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. पिठाचे दोन्ही हात पाठीमागं नेले आणि मोठ्यानं मोजलं, "येक... दोन..." आणि म्हणाल्या, "न्हाई घेनार. दोन येळा बसवलं तुमी मला, आता न्हाई फसायची. पास झाले न्हवं मी?"

मी पत्रिका धरून उभा. म्हटलं, लंकाबाई, अहो...

तर जवळ आल्या, आणि हळूच, मायेनं म्हणाल्या, "पन सायेब, आरतीचं लगीन खरंच ठरंल न्हवं, तवा मला तेवढं आधी सांगा बरं. मी चार दिस आधी यीन, भाकरी थापायला."

म्हटलं, सांगतो.

मग काय करणार? वही काढली आणि लिहिलं... 'लंकाबाई, पास.'